फोन आपला, कुलूप खोताचे

जुने फोन भंगारात देऊ नका, ते पुन्हा चालू करायला शिका, असे आम्ही सांगू लागलो तेव्हा पहिला विरोध आपल्याच कार्यकर्त्यांकडून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाट्याला दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले कपडे आणि उष्टे अन्न आले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यात जेवावे, असा नियमच आहे. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडात जाळली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच महाडात त्यांनी उष्टे-शिळे मागू नका, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका असे सांगितले. आणि आता तुम्ही आमच्या पोरांच्या हातात दुसऱ्यांनी टाकलेले मोबाईल देणार?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळा-कॉलेजांत दानशूर मंडळी फोटो काढून जुने फोन वाटतात, ते आम्हीही पाहिले आहे. घेणाऱ्या मुलीची मान खाली असते आणि देणाऱ्याच्या गळ्यात हार असतो. अशा वाटपाला आमचा विरोधच आहे. पण जुन्या फोनचा प्रश्न त्या वाटपापाशी संपत नाही. मुळात फोन जुना होतो कसा आणि तो जुना झाला हे ठरवतो कोण, इथून सुरुवात केली पाहिजे.

आपल्या किनारपट्टीवर, मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याकडे, फोन दोन तऱ्हेने मरतात. एक म्हणजे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. चार्जिंगचे भोक गंजते, स्पीकर बसतो, बॅटरी फुगते. हे मरण बाजारपेठेतला कोणताही कारागीर थांबवू शकतो. दुसरे मरण त्याच्या हाताबाहेरचे असते. फोन दिसायला धडधाकट असतो, स्क्रीन शाबूत, बॅटरीही ठीक. बाई सांगते, 'फोन बरो आसा, पण ॲप उघडणा नाय.' ॲप नवीन आवृत्ती मागते, नवीन आवृत्ती नवे अँड्रॉइड मागते आणि नवे अँड्रॉइड कंपनी देत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ४.४ वरच्या फोनवर व्हॉट्सॲप बंद झाले. त्याच सुमारास जिओफोनवरचेही बंद झाले. त्या फोनांच्या तारा, काच, चिप यांत त्या दिवशी काहीही बिघडले नव्हते.

स्वस्त फोनांना कंपन्या बहुधा दोन-तीन वर्षे अपडेट देतात. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. चिप बनवणारी कंपनी त्या चिपसाठी लागणारे प्रोग्रॅम एका ठरावीक आवृत्तीपुरतेच तयार करते आणि पुढच्या चिपकडे वळते. फोन बनवणाऱ्या कंपनीला तर नवा फोन विकायचाच असतो. दोघांचेही पोट आपला फोन मरण्यावर चालते.

यात एक गंमत आहे. अँड्रॉइडच्या तळाशी जो गाभा आहे तो लिनक्स आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढवला. त्याचा परवाना असा आहे की जो कोणी हा गाभा वापरून वस्तू विकेल, त्याने आपण केलेल्या बदलांसह मूळ कोड ग्राहकाला मागितल्यावर दिला पाहिजे. म्हणजे कंपन्यांनी सार्वजनिक विहिरीचे पाणी भरले, बाटलीत घातले आणि बाटलीला कुलूप लावले. काही कंपन्या कोड वेळेवर देतात, काही उशिरा देतात, काही देतच नाहीत.

कुलूप हा शब्द आम्ही उपमा म्हणून वापरत नाही आहोत. फोन चालू करताना सर्वांत आधी जागा होणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. कंपनीची सही नसलेली कोणतीही प्रणाली तो चालू देत नाही. पैसे तुम्ही मोजले, पावती तुमच्या नावाची आहे, हप्तेही तुम्हीच फेडले. पण त्या फोनवर काय चालावे, हे कंपनी ठरवते. काही कंपन्या अर्ज करून, खाते उघडून, काही दिवस थांबल्यावर किल्ली देतात. काही मुळीच देत नाहीत.

कोकणच्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटायला हवी. जमीन कसायची कुळाने, राब भाजायचा त्याने, वेठ करायची त्याने आणि हक्क सांगायचा खोताने. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला आणि कोकणातली कुळे त्यात चालली. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आजचा सिंधुदुर्ग १९८१ चा. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले. त्या लढ्याचा मुद्दा खोताने दयाळू व्हावे हा नव्हता. कसणाऱ्याचा वस्तूवर हक्क असावा, हा होता. फोनच्या बाबतीत आम्ही तोच मुद्दा मांडतो आहोत.

आता किल्ली बनवणाऱ्यांविषयी. कंपनीने सोडून दिलेल्या फोनसाठी जगभर स्वयंसेवक प्रणाली लिहितात आणि सांभाळतात. लिनिएज ओएस ही त्यांतली सर्वांत सोपी. सायनोजेन या कंपनीने २०१६ च्या शेवटी आपला गाशा गुंडाळला तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या लोकांनी काम पुढे नेले, त्यातून ही प्रणाली उभी राहिली. ही अँड्रॉइडच असते, फक्त कंपनीशिवाय. उबंटू टचची कथाही तशीच आहे. कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये तिचा नाद सोडला आणि यूबीपोर्ट्स नावाच्या समुदायाने ती हातात घेतली. तिसरी पोस्टमार्केटओएस, आम्हाला सर्वांत जवळची. जर्मनीतील एका प्रोग्रॅमरने ती सुरू केली आणि २०१७ मध्ये जाहीर केली. फोन किमान दहा वर्षे चालला पाहिजे, हे तिचे उद्दिष्ट. अँड्रॉइड बाजूला ठेवून संगणकावर चालते तशी लिनक्सच ती फोनवर चालवते. एका चिपसाठी काम झाले की त्या चिपचे अनेक फोन एकदम मार्गाला लागतात.

शाओमीचा रेडमी नोट ४ आठवतो? जानेवारी २०१७ मध्ये तो भारतात आला आणि त्या वर्षी देशात सर्वाधिक विकला गेलेला स्मार्टफोन ठरला. आपल्या वस्तीत तो घरोघरी होता. कंपनीने त्याचा हात केव्हाच सोडला. समुदायाने मात्र त्याच्या स्नॅपड्रॅगन ६२५ चिपसाठी लिनक्सचा ताजा गाभा बसवण्याचे काम चालू ठेवले आहे. कपाटात पडलेला तो फोन आजही शिकण्यासाठी उत्तम पाटी आहे.

मात्र कार्यकर्त्याने कार्यकर्त्याला खोटे सांगू नये. अशा फोनवर सगळे चालत नाही. पोस्टमार्केटओएसमध्ये अनेक फोनांचा कॅमेरा चालत नाही. कॉलचे तर आपल्याकडे वेगळेच दुखणे आहे: जिओचे जाळे फक्त ४जी आणि ५जीचे, त्यावर बोलण्यासाठी व्होल्टी लागते आणि या फोनांवर व्होल्टीचे काम अजून कच्चे आहे. ज्यांचे २जी अजून चालू आहे अशा कंपन्यांच्या सिमवर बोलणे जमण्याची शक्यता जास्त. बँकेची ॲप, यूपीआयची ॲप बहुतेक वेळा उघडायलाच नकार देतात, कारण फोनवर कंपनीची सही उरलेली नसते. लिनिएज ओएसवरही ही अडचण येते, जरी तिथे कॅमेरा, कॉल आणि रोजची बरीच ॲप चालतात. तेव्हा घरातला एकुलता एक फोन, ज्यावर शिष्यवृत्तीचा ओटीपी येतो आणि आईचे पैसे जमा झाल्याचा संदेश येतो, त्याला हात लावू नका. कपाटातला दुसरा घ्या. होडीवर नेण्याचा फोनही यातून वगळा. समुद्रात जिवाचा प्रश्न असतो, तिथे अर्धवट प्रणालीवर भरवसा ठेवता येत नाही.

मग चालत नाही त्याची एवढी यादी असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या अंगणवाडी सेविकांनी दिलेले आहे.

२०१९ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेविकांना फोन दिले. २ जीबी रॅमचे. २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले, तेही इंग्रजीत. लहान मुलांची वजने, गरोदर बायांच्या नोंदी, आहाराचा हिशेब, सगळे त्यात भरायचे. फोन तापायचे, अडकायचे, जागा भरायची, हमीची मुदत संपलेली आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या तुटपुंज्या मानधनातून. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवा फोन ही मागणी होती. या सेविकांमध्ये आपल्याच घरच्या बाया मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांनी केले ते योग्यच केले. निकृष्ट साधन द्यायचे, त्यावर काम लादायचे आणि काम झाले नाही तर जाब कामगाराला विचारायचा, ही जुनीच रीत त्यांनी नाकारली.

समुदायाची प्रणाली घालून त्या फोनांवर पोषण ट्रॅकर नीट चालले असते, असा दावा आम्ही करणार नाही. ॲपच जड असेल आणि रॅम अपुरी असेल तर लिनक्स काही चमत्कार करत नाही. आम्हाला खटकते ते पुढचे. जनतेच्या पैशातून घेतलेल्या एवढ्या फोनांच्या निविदेत, हमी संपल्यावर कुलूप उघडून द्यावे लागेल, गाभ्याचा कोड द्यावा लागेल, अमुक वर्षे दुरुस्त्या पुरवाव्या लागतील, अशा अटी का घालू नयेत? तसे झाले असते तर ज्या फोनवर सरकारी ॲप चालत नाही, तोच फोन शाळेत वाचायला किंवा लिहायला देता आला असता. कुलूपबंद फोनचा शेवट एकच, भंगार. आणि भंगार कोण फोडते? दिल्लीच्या सीलमपूरपासून मुंबईच्या धारावी-कुर्ल्यापर्यंत सर्किट जाळणारे, आम्लात बुडवणारे हात बहुतांशी दलित आणि मुसलमानांचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. बाकीचा कुठल्या वस्त्यांत जातो, हे आपल्याला सांगायची गरज नाही. फोन दोन वर्षांऐवजी आठ वर्षे चालला तर त्या वस्तीत जाणारा धूर तेवढाच कमी होतो. पर्यावरणाच्या परिसंवादांत हा हिशेब मांडताना जातीचा रकाना कोरा सोडतात, म्हणून तो आपण भरायचा.

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे. उतरलेल्या कपड्यात अपमान कशाचा होता? कापड जुने होते याचा नव्हे. ते नाकारण्याचा अधिकार नव्हता, ते देणाऱ्याच्या मर्जीने मिळत होते आणि अंगावर ते असणे हीच तुमची पायरी ठरत होती. म्हणून दानाच्या फोनला आमचा विरोध आहे, मग तो अगदी नवाकोरा असला तरी. नव्याकोऱ्या फोनवरही काढता न येणारी ॲप कंपनीने आधीच भरलेली असतात, जाहिराती आपोआप येतात आणि तीन वर्षांनी तो मेला असे कंपनीच जाहीर करते. मर्जी तिथेही दुसऱ्याचीच आहे. याउलट आपल्या पैशाने घेतलेला, आपल्याच घरात पडलेला फोन आपल्या मुलीने स्वतः उघडला, त्याचे कुलूप काढले, त्यात स्वतः निवडलेली प्रणाली घातली, तर त्याला उतरण कसे म्हणता येईल? ती मुलगी त्या दिवशी ग्राहक राहत नाही. यंत्र आतून कसे चालते हे तिला कळते. आणि यंत्राचे ज्ञान आपल्याला सहजासहजी कोणी दिलेले नाही.

हाताने दुरुस्ती करणाऱ्याला खालचा आणि पाठांतर करणाऱ्याला वरचा मानणे, ही जातीचीच शिकवण. तिचा थोडा अंश आपल्या पदवीधर तरुणांतही उतरला आहे. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी हवी, पण मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलेला मित्र कमीपणाचा वाटतो. त्या मित्राला सोल्डरिंग येते, तुम्हाला इंग्रजी सूचना वाचता येतात. दोघे एका टेबलावर बसा.

बाबासाहेबांच्या पत्रकारितेकडे याच नजरेने पाहायला हवे. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेबांनी त्यातून धडा घेतला. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' निघाली आणि स्वतःचा छापखानाही उभा राहिला. आपले म्हणणे दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून ठेवले तर ते त्याच्या मर्जीने छापले जाते किंवा छापलेच जात नाही. आज आपले सगळे गट, सभांची निमंत्रणे, व्याख्याने, वर्गणीचे हिशेब दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या ॲपवर आहेत आणि ती ॲप ज्या फोनवर आहेत त्यांच्या किल्ल्याही आपल्याकडे नाहीत. एका रात्रीत खाते बंद झालेले कार्यकर्ते आपल्यात कमी नाहीत.

सुरक्षेचाही मुद्दा आहे. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्याचे म्हटले होते. आपले कार्यकर्ते मात्र चार-चार वर्षे सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेले फोन खिशात घेऊन फिरतात. समुदायाच्या प्रणालीत या दुरुस्त्या नियमित येतात. पण पुन्हा स्पष्ट सांगतो, कुलूप काढलेला फोन प्रत्यक्ष कोणाच्या हाती लागला तर तो जास्त उघडा असतो आणि चिपच्या आतल्या कंपनीच्या प्रोग्रॅमला समुदाय हात लावू शकत नाही. लिनक्स घातले म्हणजे कवच मिळाले, असे समजून कोणी बेसावध राहू नये.

कॉलही नाही, यूपीआयही नाही, मग अशा फोनचे करायचे काय? एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले की जुन्या फोनांच्या बॅटऱ्या काढून, त्यांना बाहेरून वीज देऊन, त्यांवर पोस्टमार्केटओएस घालून छोटा सर्व्हर उभा करता येतो. एका फोनमागे खर्च साधारण आठ युरो. त्यांनी ती यंत्रणा पाण्याखालचे जीव मोजण्याच्या कामीही लावून पाहिली. मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य आहे, तेव्हा हा प्रयोग आपल्या कॉलेजांतल्या पोरांनी ऐकून सोडून देण्यासारखा नाही. आम्हाला त्याहून जवळचे वाटते ते विहार. विहाराच्या कोपऱ्यात असा एक फोन वायफायसह ठेवला तर इंटरनेट नसतानाही त्यावर मराठी विकिपीडिया, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड ठेवता येतात. या खंडांची छपाई रखडली तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, हे विसरू नका. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये, किनाऱ्यावरच्या गावांत वीज आणि नेटवर्क किती दिवस नव्हते, हे ज्यांनी भोगले त्यांना इंटरनेटवाचून चालणाऱ्या वाचनालयाची किंमत वेगळी पटवायला नको. टाळेबंदीत याच जिल्ह्यात डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करावा लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापल्या होत्या. त्या कौतुकाचा आम्हाला तेव्हाही राग आला होता.

प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. या प्रणालींच्या मेनूंचे मराठी भाषांतर अपुरे आहे. मराठीत एम.ए. केलेल्या आपल्या मुली ते काम घरबसल्या करू शकतात, त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज लागत नाही. भाषांतर आपण केले नाही तर दुसरे कोणीतरी करेल आणि 'उपयोजक', 'संरचना' असले शब्द पुन्हा आपल्या माथी मारले जातील.

मागण्यांबाबत आपण ढिले आहोत. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढले. ग्राहकाला हा हक्क देणारा स्वतंत्र कायदा मात्र आलेला नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला: फोनची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे अपडेट द्यायचे आणि सुटे भाग सात वर्षे पुरवायचे. तीच कंपनी, तोच फोन. तिथे हक्क आणि इथे पोर्टल. कागदावरच्या हक्काचा आपला अनुभव जुना आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. पाण्याला हात लागला तो १९२७ मध्ये, लोक चालत गेले तेव्हा. २०२५ पासून आपल्या जिल्ह्याच्या प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणल्याचा बराच गाजावाजा आहे. त्याच प्रशासनाला माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करता येतो: गेल्या दहा वर्षांत सेविका, आशा आणि शाळांसाठी किती फोन व टॅब घेतले, आज त्यांतले किती चालू आहेत, बंद पडलेले कुठे आहेत, आणि खरेदीच्या करारात अपडेटची अट होती का. दहा रुपयांचे तिकीट लागते. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला पाहिजे.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरची पोरे त्या दिवसांत घरी असतात आणि कॉलेजेही नुकतीच उघडत असतात. बसायचे तर तेव्हाच. येताना कपाटातला एक बंद फोन, चार्जर आणि डेटा जाणारी केबल आणा; नुसते चार्जिंग करणारी केबल चालत नाही, यात निम्मा दिवस वाया जातो. शक्य असेल तर एक लॅपटॉप, कितीही जुना. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, आधी दुरुस्तीवाल्या मित्राकडे न्या. फोनमधले फोटो आणि नंबर आधी काढून ठेवा, कारण कुलूप उघडताना आतले सगळे पुसले जाते. फोनचे मॉडेल मागच्या झाकणावर किंवा सेटिंगमध्ये सापडते, ते कागदावर लिहून आणा. पहिल्या दिवशी फक्त एवढेच पाहायचे आहे की आपल्यापैकी किती जणांच्या फोनची किल्ली मिळते आणि किती जणांची कंपनी देत नाही. ज्यांची मिळत नाही त्यांची नावे आणि मॉडेल वेगळ्या वहीत लिहू, मागणीच्या निवेदनाला ती यादी जोडायची आहे.